दिवसभर दोरीवर, तरी कपडे ओलसरच: दोष कुठे शोधायचा?

तक्रार साधारण अशी असते. सकाळी कपडे धुतले, बाहेर दोरीवर टाकले, दिवसभर चांगलं ऊन होतं. संध्याकाळी काढायला गेलं तर शर्ट वाळलेत, पण जीन्सचा कमरेचा पट्टा गार लागतो, टॉवेलच्या काठाशी ओल आहे आणि चादर हातात घेतली की सादळल्यासारखी वाटते. घडी करून कपाटात ठेवलं की दोन दिवसांनी कुबट वास. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मग कोणी साबण बदलतं, कोणी सुगंधी सॉफ्टनर ओततं, कोणी कपडे रात्रभर बाहेरच राहू देतं. यातला तिसरा उपाय तर दुखणं वाढवणारा आहे. का, ते पुढे येईलच.

या सगळ्याच्या मुळाशी एक समजूत घट्ट बसलेली असते: ऊन असलं की कपडे वाळतात, नसलं की वाळत नाहीत. बऱ्याचशा तक्रारी मला तरी याच समजुतीतून आलेल्या दिसतात. कापडातलं पाणी शेवटी हवेत जायचं असतं. त्या हवेत जागा आहे का आणि ती हवा हलते का, हे आधी बघायचं. उन्हाचा नंबर तिसरा. तेव्हा साबण, दोरी किंवा जागा बदलण्याआधी दोष नेमका कशात आहे ते ठरवून घेऊ.

ओल कुठे आहे आणि कधी आली

दुपारी तीन-साडेतीनच्या सुमाराला एकदा दोरीपाशी जाऊन कपडे चाचपून बघा. संध्याकाळी काढताना पुन्हा चाचपा. अर्धं निदान एवढ्यावरच होतं.

तीनला वाळलेला कपडा सहाला ओलसर लागत असेल, तर तो वाळून पुन्हा सादळलाय. त्याला आणखी ऊन दाखवून काही होणार नाही, लवकर काढायला हवा. तीनलाच खिसे, नेफे, कॉलर आणि जाड शिवणी ओल्या असतील आणि बाकी कपडा वाळलेला असेल, तर पाणी नीट पिळलं गेलेलं नाही किंवा कपडा टांगायची पद्धत चुकते आहे. दोरीच्या टोकांचे कपडे वाळलेत आणि मधले ओले आहेत, असं असेल तर वारा अडतोय. पातळ टी-शर्टसकट सगळंच सारखं दमट असेल तर हवाच पाण्याने भरलेली आहे. आणि कपडे खडखडीत वाळतात, पण अंगात घातल्यावर तासाभरात वास मारतात, असं होत असेल तर तो मामला वेगळा; त्याचं मूळ मागच्या कुठल्यातरी संथ वाळण्यात आहे, पण आता नुसतं हवामान सुधारून तो सुटत नाही.

चाचपताना एक लक्षात ठेवा, हात फसवतो. गार हवेत पूर्ण वाळलेलं कापडसुद्धा ओलं वाटतं, कारण बोटांना गारवा कळतो, ओल कळत नाही. उलट कडक उन्हात तापलेली जीन्स वरून वाळल्यासारखी लागते आणि खिशाच्या आतल्या अस्तरात पाणी तसंच असतं. म्हणून शंका असेल तर कपडा घरात आणून दहा मिनिटं ठेवा आणि मग त्याची सगळ्यात जाड जागा गालाला लावून बघा.

याहून पक्की परीक्षा वजनाची. प्रवासाची बॅग तोलायचा आकडा असलेला छोटा काटा असेल तर एक मोठा टॉवेल पूर्ण कोरडा असताना तोला, वजन लिहून ठेवा. धुऊन दोरीवर टाकताना तोला, मग दर तासाला. सुरुवातीला वजन भराभर उतरतं, मग एका टप्प्याला येऊन रेंगाळतं. शेवटचं थोडंसं पाणी जायला आधीच्या सगळ्या पाण्याइतका वेळ खातं, असंही होतं.

हे रेंगाळणं समजून घेतलं की पुढचं बरंच सोपं होतं. आधी पाणी कापडाच्या पृष्ठभागावर असतं. ते उडण्याचा वेग जवळपास पूर्णपणे बाहेरच्या हवेवर ठरतो: वारा किती, हवा कोरडी किती. नंतर पृष्ठभाग कोरडा पडतो आणि धाग्यांच्या आत, शिवणींच्या थरांमध्ये अडकलेलं पाणी हळूहळू बाहेर यायला लागतं. तिथे वाऱ्याचा जोर फारसा उपयोगी पडत नाही, ऊब उपयोगी पडते. म्हणजे पहिल्या टप्प्यात वारा हवा आणि शेवटच्या टप्प्यात ऊन. सोयीची गोष्ट अशी की वारा असलेल्या सावलीत आधी पाऊण वाळवून मग जाड कपडे उन्हात सरकवले, तर रंगही कमी उडतात आणि वेळही फारसा वाढत नाही.

हवेत जागा किती आहे

हवेची पाणी धरायची ताकद तापमानाप्रमाणे वाढते. 10 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण 9.4 ग्रॅम वाफ मावते, 20 अंशांना 17.3 ग्रॅम आणि 30 अंशांना 30.4 ग्रॅम. सापेक्ष आर्द्रता म्हणजे या मावणाऱ्या वाफेतली किती टक्के जागा आधीच भरलेली आहे, तो आकडा.

आता दोन दिवस शेजारी ठेवा. एक दिवस 30 अंशांचा, आर्द्रता 85 टक्के. प्रत्येक घनमीटरमध्ये साधारण 4.6 ग्रॅम जागा उरली. दुसरा दिवस 15 अंशांचा, आर्द्रता 40 टक्के. या थंड हवेत एकूण 12.8 ग्रॅमच मावतात, पण त्यातले 7.7 ग्रॅम अजून रिकामे आहेत. सावलीत टाकलेला कपडा या थंड कोरड्या दिवशी जास्त लवकर वाळेल. "बाहेर एवढं उकडतंय आणि कपडे वाळत कसे नाहीत" या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: ज्या कारणाने अंगावरचा घाम वाळत नाही, त्याच कारणाने शर्टही वाळत नाही.

मग दमट दिवशी ऊन पडलं तर कपडे वाळतात ते कसे? ऊन कापडाला हवेपेक्षा जास्त तापवतं. तापलेल्या ओल्या कापडालगतची वाफ आजूबाजूच्या हवेपेक्षा दाट होते आणि बाहेर पडते. म्हणून दमट हवेत ऊन आणि सावली यांच्यातला फरक फार मोठा असतो, कोरड्या वाऱ्यात तो तितका जाणवत नाही. एक लीटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 2,400 किलोज्यूल उष्णता लागते. ती कुठून तरी यावी लागते, हवेतून किंवा उन्हातून. हवा दमट असली की तिच्याकडून मिळणारा वाटा घटतो आणि सगळा भार उन्हावर येतो.

हवामानाच्या ॲपमध्ये तापमानाचा मोठा आकडा सोडून दवबिंदूचा छोटा आकडा शोधा. दवबिंदू म्हणजे हवा ज्या तापमानाला थंड केली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बसायला लागते ते तापमान. बाहेरचं तापमान आणि दवबिंदू यांच्यातली वजाबाकी हा माझ्या मते कपडे वाळवणाऱ्यासाठी सगळ्यात कामाचा आकडा आहे. तापमान 30 आणि दवबिंदू 20 असेल तर आर्द्रता 55 टक्क्यांच्या आसपास येते: दहाचा फरक, चादरी धुवायला हरकत नाही. 30 आणि 25 असेल तर आर्द्रता 75 टक्के: पाचचा फरक, पातळ कपडे चालतील, ब्लँकेट काढू नका. फरक तीन अंशांच्या खाली आला की वारा आणि ऊन दोन्ही असल्याशिवाय जाड कपडे धुणं म्हणजे वास ओढवून घेणं.

हाच आकडा दिवसाच्या वेळेचंही गणित सांगतो. पहाटे 20 अंशांना हवा पूर्ण भरलेली, म्हणजे 100 टक्के असेल आणि दुपारपर्यंत तीच हवा 30 अंशांवर गेली, वाफ तेवढीच राहिली, तर आर्द्रता 57 टक्क्यांवर उतरते. हवेतलं पाणी कुठे गेलं नाही, जागा वाढली. म्हणून बहुतेक ठिकाणी आर्द्रता पहाटे सूर्योदयाच्या आसपास सगळ्यात जास्त आणि दुपारी, तापमान चढलेलं असताना, सगळ्यात कमी असते. उजाडताच टाकलेले कपडे पहिले दोन तास नुसते निथळतात. त्यात वाईट काही नाही, पण खरं काम साडेनऊ-दहापासून चारपर्यंत होतं. दुपारी बाराला धुऊन दोनला दोरीवर टाकलेल्या जीन्सला पुरेसा वेळच मिळत नाही. ही तक्रार असेल तर बाकी काही बदलू नका, मशीन लावायची वेळ तेवढी बदला.

वारा अडतोय का

ओल्या कापडाला चिकटून हवेचा एक पातळ थर असतो आणि तो लगेच दमट होतो. वारा आला की तो थर उडतो, नवी हवा येते. वारा नसेल तर कपडा स्वतःच्याच वाफेत उभा राहतो. ताशी 10 ते 20 किलोमीटरची झुळूक, म्हणजे झाडाची पानं आणि बारीक फांद्या सतत हलताहेत एवढी, कपड्यांना पुरते. ढगाळ दिवशी असा वारा असेल आणि हवा बऱ्यापैकी कोरडी असेल, तर बिनवाऱ्याच्या उन्हाळी दुपारपेक्षा काम चांगलं होतं. मळभ बघून धुणं पुढे ढकलायची सवय मला पटत नाही ती यामुळे. ताशी 40 च्या पुढे वारा गेला की मात्र चादर दोरीला गुंडाळी मारते, चिमटे सुटतात आणि गुंडाळलेला भाग ओलाच राहतो.

वारा असूनही कपड्यांपर्यंत पोचत नाही, हे जास्त वेळा होतं. कठड्याच्या भिंतीमागे, कठड्यापेक्षा खाली लावलेल्या स्टँडवर हवा जवळपास स्थिर असते. तोच स्टँड हातभर उंच केला की फरक पडतो. तीन बाजूंनी बंद बाल्कनी म्हणायला बाहेर असते, पण वाळण्याच्या दृष्टीने ती खोलीच. तिथे भरगच्च कपडे टाकले की तासाभरात आतली हवा दमट होऊन बसते. टेबलफॅन कपड्यांकडे तोंड करून लावण्यापेक्षा दमट हवा बाहेर ढकलली जाईल असा लावा, आणि नवी हवा यायला समोरून फट ठेवा.

एका ओळीमागे एक अशा चार-पाच दोऱ्या असतील तर वाऱ्याच्या पहिल्या दोरीवर जाड कपडे घाला, मागच्या दोऱ्यांवर पातळ. मागच्यांना पुढच्यांची वापरलेली हवा मिळते. दोरी वाऱ्याला आडवी असेल तर प्रत्येक कपड्याला ताजा वारा लागतो. वाऱ्याच्या दिशेतच बांधलेली असेल तर पहिला कपडा बाकीच्यांचा आडोसा होतो. दोरी हलवता येत नसेल तर निदान दोन कपड्यांत चार बोटांचं अंतर सोडा. जागा कमी म्हणून कपड्यावर कपडा चढवण्यापेक्षा अर्धंच धुणं धुतलेलं बरं. अर्धं धुणं दुपारी वाळतं आणि दोरी मोकळी होते; कोंबलेलं धुणं संध्याकाळपर्यंत अडून राहतं.

वाळलेले कपडे पुन्हा ओले: दव आणि सादळणं

रात्रभर बाहेर ठेवायचा उपाय का नको, ते आता. सूर्य कलला की कपडे उष्णता आकाशाकडे सोडायला लागतात. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर कापडाचं तापमान हवेच्याही खाली जातं, आणि ते दवबिंदूच्या खाली गेलं की कापडावर दव बसतं. गंमत अशी की दिवसा कपडे वाळवायला उत्तम असलेला निरभ्र दिवस रात्री दवासाठीही उत्तम असतो. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री दव कमी पडतं. उघड्या आकाशाखालच्या दोरीपेक्षा छपराखालच्या दोरीवरही कमी पडतं.

दव पडायच्या आधीच सादळणं सुरू होतं. सुती धागा हवेतली वाफ स्वतः ओढून घेतो. 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत "वाळलेल्या" कापसात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 7-8 टक्के पाणी असतंच. लोकरीत ते 15-16 टक्क्यांपर्यंत असतं आणि तरी ती हाताला कोरडी लागते. पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नसतं. आर्द्रता 90 च्या वर चढली की कापसातलं पाणी आणखी वाढतं आणि तो कधीच पूर्ण कोरडा लागत नाही, मग दोरीवर कितीही तास ठेवा. पॉलिएस्टरचा टी-शर्ट खडखडीत आणि शेजारची सुती चादर दमट, हे यातूनच येतं.

म्हणून वाळलेला कपडा दोरीवर ठेवून काही कमाई नसते. सावली लांबायला लागली की काढायला घ्या. उंच भिंतीच्या किंवा झाडाच्या सावलीत येणारी दोरी आधी रिकामी करा, तिथे गारवा लवकर उतरतो. उशीर झालाच आणि कपडे किंचित सादळले असतील तर लगेच घड्या घालू नका. घरात खुर्चीच्या पाठीवर, पंख्याखाली, तासभर मोकळे राहू द्या.

जाड जागाच ओल्या राहतात

इथे हवामानाला दोष देण्याआधी पिळण्याकडे बघा. मशीनच्या मिनिटाला 1000 फेऱ्यांच्या स्पिननंतर सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या साधारण 60 टक्के पाणी उरतं, 1400 फेऱ्यांनंतर 50 टक्क्यांच्या आसपास. पाच किलो कपड्यांवर हा फरक अर्ध्या लीटरचा होतो. ते अर्धा लीटर बाहेरच्या हवेला द्यायचं की मशीनने काढायचं, एवढाच प्रश्न. दमट दिवशी टॉवेल आणि जीन्ससाठी स्पिन पुन्हा एकदा लावा. हाताने पिळत असाल तर जाड कपडा कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. लोकरीसाठी तर हाच मार्ग, तिला पीळ घालू नका.

मग टांगणं. जीन्स उलटी करा, खिसे बाहेर ओढून लोंबते सोडा. कमरेचा पट्टा वर ठेवा आणि दोनच चिमट्यांनी सपाट दाबण्याऐवजी तीन-चार चिमट्यांनी तोंड उघडं राहील असा लावा, म्हणजे वारा आत शिरून पायांतून बाहेर पडतो. पट्टा खाली ठेवला तर वरचं सगळं पाणी नेमकं त्या जाड शिवणीत येऊन साठतं. टोपीवाला जॅकेट हँगरवर टांगला की टोपी पाठीला चिकटून बसते आणि मधली जागा शेवटपर्यंत ओली राहते. तो उलटा, खालच्या काठाने टांगा, टोपी मोकळी लोंबू द्या. चादर बरोबर मध्यावर दोरीवर टाकली की दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात. शेजारी दुसरी दोरी असेल तर एक काठ इथे, एक काठ तिथे लावून मध्ये झोळ सोडा. एकच दोरी असेल तर एक बाजू वीतभर खाली ठेवा आणि दुपारी एकदा जागा बदला, कारण दोरीवरची घडी हीच तिची शेवटची ओली रेघ असते.

टाकण्याआधी प्रत्येक कपडा जोरात झटका. चुण्या उघडल्या की हवेला लागणारा पृष्ठभाग वाढतो. याला दोन मिनिटं लागतात आणि इस्त्रीचीही बरीच वाचतात.

वाळतात, पण वास जात नाही

कपडा जितका वेळ ओला, तितका जंतूंना वाव. 2012 मध्ये जपानी संशोधकांनी धुतलेल्या कपड्यांच्या या ओळखीच्या कुबट वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचं दाखवलं. तो कापडावर उरलेल्या घाम-तेलातून वास मारणारं एक आम्ल तयार करतो. आपल्या कामाची माहिती अशी की हा जिवाणू कोरडेपणाला आणि अतिनील किरणांनाही सहजी दाद देत नाही. म्हणजे एकदा मुरलेला वास दिवसभर कडक उन्हात टाकूनही जाईलच असं नाही. टॉवेल कोरडा असताना ठीक असतो, तोंड पुसलं की वास परततो, ही त्याची खूण.

आधी मुरलेला वास काढा. कापडाला चालत असेल तर 60 अंशांच्या पाण्यात धुवा, किंवा ऑक्सिजन ब्लीच (क्लोरीन नसलेली ब्लीच पावडर) गरम पाण्यात विरघळवून अर्धा-एक तास भिजवा आणि मग नेहमीसारखं धुवा. लोकर आणि रेशीम यांना हे चालत नाही. क्लोरीन ब्लीच वापरत असाल तर त्यात व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल मिसळू नका, विषारी वायू होतो. साबण जास्त घालू नका. न निघालेला साबण कापडात थर करून बसतो आणि वास त्याच्या आश्रयाने राहतो, सॉफ्टनरचंही तेच.

त्यानंतर मूळ कारण, म्हणजे संथ वाळणं, टाळा. मशीन थांबल्यावर कपडे आत तसेच पडू देऊ नका. बाहेर हवा भरलेली असेल तर धुणं पुढे ढकला. ढकलता येत नसेल तर घरात पंख्याखाली, खिडकी उघडी ठेवून वाळवणं हे बाहेर रात्रभर ठेवण्यापेक्षा चांगलं. एका मशीनभर कपड्यांतून दोन-तीन लीटर पाणी खोलीच्या हवेत जातं, हे लक्षात असू द्या. बंद खोलीत ते भिंतीवर बुरशी होऊन भेटतं.

टॉवेल कडक होतात, रंग उडतात

टॉवेल लाकडासारखा कडक होतो तो बहुधा बिनवाऱ्याच्या कडक उन्हाच्या दिवशी. जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठाच्या आणि काओ कंपनीच्या संशोधकांनी 2020 मध्ये याचं कारण सांगितलं: कापसाच्या पृष्ठभागाला घट्ट धरून राहिलेलं थोडं पाणी शेजारशेजारच्या धाग्यांना जोडून ठेवतं. वारा असेल तर वाळता वाळता धागे हलत राहतात, म्हणून कडकपणा कमी येतो. वारा नसेल तर टॉवेल टाकताना आणि काढताना दोन्ही वेळा झटका, मध्ये एकदा हाताने चुरगळा आणि अगदी करकरीत होईपर्यंत उन्हात ठेवू नका. पाणी जड असेल तर त्यातले क्षारही भर घालतात. अशा वेळी एक खळबळणं जास्त द्या.

रंगीत कपडे उलटे करून टाका. ओल असताना बरेच रंग उन्हात जास्त लवकर फिके पडतात, म्हणून पहिले ओले तास सावलीत आणि वाऱ्यात गेलेले बरे. पोहण्याचे कपडे, मोजे, इलॅस्टिक असलेलं काहीही शक्यतो सावलीतच, कारण ऊन त्यांचा ताण मारतं. पांढऱ्या सुती कपड्यांना मात्र खुशाल उन्हात टाका.

पाऊस, धूळ, धूर

वाळत आलेल्या कपड्यांवर छोटी सर पडली म्हणून पुन्हा धुवायची गरज नसते. दोरीवरच राहू द्या, उघडीप मिळाली की वाळतील. बऱ्याच कोरड्या दिवसांनंतरचा पहिला पाऊस अपवाद, तो हवेतली धूळ घेऊन उतरतो आणि ठिपके पडतात. तेव्हा साध्या पाण्यातून काढा. दोन सरींच्या मध्ये तीन-चार तासांची उघडीप दिसत असेल तर त्यात सिंथेटिक आणि पातळ सुती कपडे उरकून घ्या, टॉवेल थांबू द्या.

कोरडा जोराचा वारा वाळवतो झकास, पण धूळ आणि परागकणही आणतो आणि ओल्या कापडाला ते चिकटतात. घरात कोणाला परागकणांचा त्रास असेल तर त्या मोसमात निदान उशांचे अभ्रे आणि चादरी घरात वाळवा. जवळपास काही जळत असेल तर कपडे आत घ्या. ओलं कापड धुराचा वास पटकन पकडतं आणि तो पुन्हा धुतल्याशिवाय जात नाही.

काही केल्या न वाळणारे कपडे

समुद्रात पोहून आल्यावर नुसतेच टांगलेले कपडे दुपारी वाळतात आणि संध्याकाळी पुन्हा चिकट होतात. यात दवाचा संबंध नाही, मिठाचा आहे. साधं मीठ सुमारे 75 टक्के आर्द्रतेला हवेतून पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर साधारण 33 टक्क्यांपासूनच. घामाने भिजलेले खेळाचे कपडे न धुता वाळवले तर त्यांचीही अशीच गत होते. कितीही कोरडा दिवस मिळाला तरी गोड्या पाण्यातून खळबळून काढल्याशिवाय ते वाळत नाहीत.

शून्याखालच्या थंडीत उलटा अनुभव येतो. कपडे बाहेर टाकले की पाण्याचा बर्फ होतो, शर्ट पुठ्ठ्यासारखा ताठ होतो, आणि तरीही तो हळूहळू वाळतो, कारण बर्फाची थेट वाफ होते. हवा कोरडी आणि वारा असेल तर हे चालतं, पण वेळ फार लागतो. ताठ झालेले कपडे दोरीवरून ओढून दुमडू नका, धागे तुटू शकतात. चिमटे अलगद सोडवा, कपडे आडवे धरून आत आणा आणि नरम पडल्यावर उरलेली ओल घरात वाळवा.